आधी शुगर बघा, मग 'थँक्यू' म्हणायला सांगा

"मुलगी चार वर्षांची आहे, टाईप 1 मधुमेह आहे. दिवसाला चार इंजेक्शनं आणि सहा-सात वेळा बोट टोचणं. अशा मुलीला कृतज्ञता कशी शिकवायची? आणि कोणत्या तोंडाने?" तुम्ही हे विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हा प्रश्न निदानानंतरच्या पहिल्या वर्षात बहुतेक आईबाबांच्या मनात येतो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. आजाराबद्दल कृतज्ञ राहायला मुलाला कधीही सांगू नका. "देवाने तुला खास बनवलंय", "बघ, त्या मुलाचं तर किती वाईट आहे", "आम्ही तुझ्यासाठी रात्र रात्र जागतो" ही तिन्ही वाक्यं घरातून हद्दपार करा. पहिलं खोटं आहे, दुसरं दुसऱ्याच्या दुःखावर उभं आहे आणि तिसऱ्याने मुलाच्या डोक्यावर कर्ज चढतं. सुई दुखते, हे आधी मान्य करायचं. आभार मानायचे ते नेमक्या माणसाचे आणि नेमक्या वस्तूचे.

वेळही नेमकी हवी. शुगर (रक्तातली साखर, दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये) 70 च्या खाली गेली की मेंदूला ग्लुकोज कमी पडतं. मूल रडतं, फेकाफेक करतं, आजीला फटका मारतं. मोठ्यांना तो हट्ट वाटतो. अशा वेळी "सॉरी म्हण, थँक्यू म्हण" असा आग्रह धरणं अन्याय आहे. आधी मोजा. 70 च्या खाली असेल तर मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण 0.3 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे 16 किलोच्या मुलाला सुमारे 5 ग्रॅम. तेवढी साखर एका सपाट चहाच्या चमच्यात मावते. ती पाण्यात विरघळवून पाजा, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. घाबरून चार-पाच चमचे साखर दिली तर तासाभरात आकडा 300 च्या घरात जातो. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं इंजेक्शन) देऊन ठेवलं असेल तर ते टोचा आणि तडक दवाखाना गाठा. आजीची समजूत शुगर 100 च्या वर आल्यावर काढता येते, आणि तेव्हा मूल स्वतःहून आजीच्या गळ्यात पडतं.

आता कौतुकाबद्दल. "आज 120! शाब्बास!" असं आकड्याचं कौतुक करू नका. आकडा मुलाच्या हातात नसतो. आकड्यावर शाबासकी मिळते हे कळलेलं मूल पुढे आठवी-नववीत आकडे लपवायला लागतं. कौतुक करायचं ते बोट पुढे केल्याचं, शांत बसल्याचं: "तू बोट स्थिर ठेवलंस, त्यामुळे एकाच टोचण्यात काम झालं. थँक्यू." आकड्याला चांगला-वाईट म्हणायचं नाही, जास्त किंवा कमी एवढंच म्हणायचं.

टोचायचं की नाही हा पर्याय मुलाला देता येत नाही, पण कुठे टोचायचं ते त्याला ठरवू द्या. कोणतं बोट, कोणती मांडी, आईच्या मांडीवर बसून की खुर्चीत. हात साबणाने धुवून कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर मशीन खोटा मोठा आकडा दाखवतं. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. इन्सुलिनचं पेन वापरत असाल तर आधी 2 युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का पाहा. लहान मुलाची कातडी हलकी चिमटीत धरा, 4 मिलिमीटरची सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि 10 पर्यंत मोजून मग सुई बाहेर काढा. लगेच काढली तर औषध बाहेर ओघळतं आणि डोस कमी पडतो. ते 10 आकडे मुलाला मोजू द्या. पेन थेट फ्रीजमधून काढून टोचलं की जास्त झोंबतं, म्हणून वापरातलं पेन बाहेरच ठेवलेलं बरं.

मुलं एकाच जागेचा हट्ट धरतात, कारण सारखं टोचून तिथे कातडीखाली चरबीची गाठ होते आणि दुखत नाही. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम शोषलं जातं, आणि शुगर का नाचते ते कुणाला कळत नाही. जागा रोज बदला.

सिरिंज वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या 40 युनिटच्या, म्हणजे दर मिलिलिटरला 40 युनिट इन्सुलिनच्या, असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो. औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी बाटली आणि टोपण जुळवून पाहा.

न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, फ्रीजरपासून लांब ठेवा. उघडलेली साधारण 4 आठवडे चालते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात भारनियमन असेल तर मोठ्या माठात छोटं मडकं ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, आणि बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. कोकणच्या पावसाळ्यात शुगर मोजायच्या स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने स्ट्रिप्स खराब होतात.

गोडाबद्दल नातेवाईक खूप बोलतात. टाईप 1 लाडाने किंवा साखरेने होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. कारल्याचा रस किंवा काढा इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन बंद केलं की उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास सुरू होतो, आणि मग अतिदक्षता विभाग. ताप आला, मूल जेवत नाही, तरीही इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नसतं; किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

सण मात्र मुलाचे हिरावून घेऊ नका. एक पोळी 30 ग्रॅम कणकेची असेल तर साधारण 20 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), 200 मिलिलिटर दुधात साधारण 10. तिळगुळाचा लाडूही तसाच वजन करून हिशेबात धरा आणि इन्सुलिनसह द्या. संक्रांतीला बालवाडीच्या बाईंना पहिला तिळगूळ मुलाच्या हातून द्यायला लावा, कारण डब्याच्या वेळी त्याच लक्ष ठेवतात. त्यांच्याकडे साखरेची पुडी आणि वर सांगितलेला उपाय चार ओळींत लिहून दिलेला असू द्या.

खंडेनवमीला पाटावर ग्लुकोमीटर आणि पेनही मांडा. फूल मुलाला वाहू द्या. हळदकुंकू मात्र स्ट्रिपच्या खाचेपासून दूर. तेव्हाच गोष्ट सांगता येते. 1922 च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोच्या हॉस्पिटलात 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन टोचलं. 11 तारखेचं फारसं लागू पडलं नाही. शास्त्रज्ञ जेम्स कॉलिपने ते अधिक शुद्ध केलं, 23 तारखेला पुन्हा दिलं आणि शुगर उतरली. त्याआधी असं मूल फार दिवस जगत नसे. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी 1 डॉलरला देऊन टाकलं. चार वर्षांच्या मुलाला हे सगळं कळणार नाही, पण "एका दादाला आधी टोचलं, मग त्याला बरं वाटलं, मग सगळ्यांना मिळालं" एवढं नक्की कळतं.

रात्री झोपताना एकच प्रश्न विचारा: "आज तुला कोणी मदत केली?" एक नाव पुरे. बाई, रिक्षावाले काका, खेळ थांबवून वाट पाहणारा मित्र. कधी "कोणीच नाही, मला सुई आवडत नाही" असं उत्तर येईल. तेव्हा समजावू नका. "हो, आजचा दिवस कठीण होता" म्हणा, पांघरूण घाला, आणि संध्याकाळी खूप पळापळ झाली असेल तर रात्री शुगर मोजायला दोनचा गजर लावा. आज कोण उठणार, ते दोघांनी आधीच ठरवून ठेवा.