आईच्या बॅगेतील तूरडाळ आणि ऑस्ट्रेलियाचे कस्टम

आई पहिल्यांदा मेलबर्नला यायला निघाली, तेव्हा तिने बॅगेतील सामानाची यादी मला फोनवर वाचून दाखवली. त्यात गोडा मसाला, मेतकूट, दोन किलो तूरडाळ, घरी निवडलेले जिरे, बेडगी मिरच्या, पेढे आणि देवापुढच्या अक्षतांची एक पुडी होती. ‘यात लपवण्यासारखे काय आहे?’ या तिच्या प्रश्नावर लगेच उत्तर देणे मला जमले नाही, कारण कस्टम म्हटले की आपल्याला सोने, परदेशी मद्य आणि महागडे फोन एवढेच आठवते आणि डाळ-तांदूळ हा ‘माल’ आहे असे आपण मानतच नाही.

ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्या प्रत्येकाला जे प्रवेशपत्रक भरून सही करावी लागते, त्यातही पैशांचे प्रश्न असतात. भेटवस्तू व इतर नव्या वस्तू मिळून 900 ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या असल्या किंवा रोख रक्कम 10,000 डॉलर अथवा त्याहून जास्त असली, तर ते जाहीर करावे लागते. परंतु आपल्या माणसांची बॅग उघडली जाते ती बहुधा त्यापुढच्या प्रश्नांमुळे: दूध, मांस, फळे, धान्य, बिया, लाकडी वस्तू, औषधी वनस्पती, माती. वस्तूची किंमत किती, यापेक्षा तिच्यातून काय जिवंत आत येईल, याची या देशाला अधिक धास्ती आहे.

त्यामागची कारणे आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक असलेली आहेत. पेढे आणि बर्फी दुधाची, म्हणून ती अडवली जाते ती गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे. हा रोग भारतात आहे, ऑस्ट्रेलियात नाही. 2022 मध्ये तो इंडोनेशियात पसरला, तेव्हा इथल्या विमानतळांवर तिकडून येणाऱ्या प्रवाशांना जंतुनाशकात भिजवलेल्या पायपुसण्यांवरून चालावे लागत असे. तूरडाळ, तांदूळ, हरभरा, जिरे, धने आणि वाळलेल्या मिरच्या प्रवाशाच्या सामानातून आणण्यास 2020 पासून बंदी आहे, ती खापरा भुंगेऱ्यामुळे. साठवणीच्या धान्याची नासाडी करणारा हा किडा मूळचा आपल्याच भागातला आणि इंग्रजीतही त्याचे नाव खापराच आहे. त्याची अळी अन्नाविना फटींमध्ये दीर्घकाळ तग धरते, त्यामुळे तो एकदा गोदामात शिरला की हुसकावणे कठीण होते. ऑस्ट्रेलिया स्वतः हरभरा आणि मसूर भारताला विकतो. ज्याचा धंदाच धान्याचा, त्याला आईच्या दोन किलो डाळीची भीती वाटावी, यात मला तरी काही अतिरेक दिसत नाही.

मग मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरातल्या भारतीय दुकानांत तूरडाळीची पोती कशी येतात, हा आईचा पुढचा प्रश्न रास्त होता. व्यापारी माल रीतसर नोंद होऊन, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र घेऊन आणि ठरलेल्या तपासण्या पार करून येतो. बॅगेतल्या डाळीमागे असे कोणतेच कागद नसतात.

शेवटी मी तिला एवढेच सांगितले की डाळ, मिरच्या, जिरे आणि पेढे घरीच ठेव, बाकीचे आण आणि खाद्यपदार्थांच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’वर खूण कर. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर मात्र हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी विमानात मिळालेले सफरचंद नातवासाठी पिशवीत ठेवले आणि पत्रकावर सवयीने ‘नाही’ लिहिले. त्या सफरचंदाची गोष्ट ते अजून कुणाला सांगू देत नाहीत.

आईची बॅग अधिकारी बाईंनी शांतपणे उघडली, मेतकुटाचा डबा हुंगून ‘हे कशावर घालता?’ असे विचारले आणि परत दिला; मसालाही सुटला. अक्षतांची पुडी तेवढी गेली. आईने ती बाईंच्या हातात देण्यापूर्वी कपाळाला लावली आणि बाईंनी तोवर हात पुढे धरून ठेवला होता.