तीन लिप्या आणि एक जुना कळफलक

माझं काम घरबसल्या भाषांतराचं. गुजराती कागद मराठीत किंवा इंग्रजीत करून द्यायचे: जन्मदाखले, मृत्युपत्रं, खरेदीखतं, जमिनीचे उतारे. बडोद्यातलं घर विकून मुलांकडे पुण्याला निघालेली मराठी कुटुंबं दांडिया बाजारात, रावपुऱ्यात भेटतच असतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. दिवसभर बोटं गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांतून फिरतात. म्हणून कुणी विचारलं, ‘ताई, तुम्ही कुठलं ॲप वापरता?’ तर मी ‘इन्स्क्रिप्ट’ असं सांगते. समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला काहीतरी नवं हवं असतं आणि भारतीय लिप्यांसाठी केलेला हा कळफलक १९८६ सालचा.

पण त्याची करामत बघा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक सगळी उजव्या हाताला. लिपी बदलली तरी जागा बदलत नाही. रोमन ‘के’च्या कळीवर देवनागरीतही ‘क’ आणि गुजरातीतही ‘क’. ‘डी’ने पाय मोडायचा, शिफ्ट धरून ‘एन’ दाबला की ‘ळ’. मराठीसाठी हात बसवला की गुजराती फुकटात पदरात पडते. विकत काही घ्यावं लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन्ही भाषा जोडायच्या, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा पालटते. मराठीसाठी फोनेटिकही मिळतो आणि बहुतेक जण तोच घेतात. माझं मत विचाराल तर घेऊ नका. मराठी शब्दाचं आधी मनात रोमन स्पेलिंग करायचं आणि मग ते परत देवनागरीत आणायचं, हा उलटा घास मला कधी पटलाच नाही.

छापील गुजराती मजकूर असेल तर आता सगळा टाइप करावाही लागत नाही. फोनवर गूगल लेन्स उघडायची, कागदावर धरायची, मजकूर निवडायचा आणि ‘कॉपी टू कॉम्प्युटर’ म्हणायचं. फोनवर आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये खातं एकच असलं की मजकूर थेट इकडे येतो. शिक्का अक्षरांवर पडला असेल तर मात्र लेन्सही चाचपडते. तलाठ्याच्या हस्ताक्षराबद्दल तर बोलायलाच नको. आणि अधूनमधून कुणीतरी ट्रंकेतून गायकवाडी काळातला मोडी कागद घेऊन येतं. मोडीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या लिप्यांच्या यादीत, जागा मिळाली खरी, पण माझा फोन तिच्यापुढे हात टेकतो. तो कागद मी रावपुऱ्यातल्या एका आजोबांकडे पाठवते. ते भिंग लावून वाचतात, मी समोर बसून लिहून घेते.

विंडोज आणि ‘व्ही’ एकत्र दाबून बघितलंय का कधी? कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे रांगेत दिसतात. ही सोय एकदा चालू करावी लागते, एवढंच. खरेदीखतात तेच लांबलचक नाव, तोच सर्व्हे नंबर, तीच चतुःसीमा पुन्हा पुन्हा येते. ती पिन करून ठेवली की मशीन बंद करून परत चालू केलं तरी जात नाही.

आता माणसांकडे वळते. माझी आत्या सांगलीला असते. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून लिहीत नाही. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवते. सुरुवात कृष्णेच्या पाण्यापासून, मग शेजारच्या सुनेचं बाळंतपण, मग भडंग कुणाबरोबर पाठवलंय ते, आणि मुद्दा अगदी शेवटी, ‘बरं, ठेवते आता’च्या अलीकडे. व्हॉट्सॲपने २०२१मध्ये वेग वाढवून ऐकायची सोय दिली, तेव्हापासून ग्राहकांचे निरोप मी दुपटीने ऐकते. आत्याला दीडपट, तेही पोळ्या लाटताना. दुपटीवर तिचं मध्येच थांबणं ऐकू येत नाही, आणि काय सांगायचं टाळतेय ते मला त्या थांबण्यातूनच कळतं.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ‘कनेक्टेड’ राहणं म्हणजे काय ते कळलं. माझी धाकटी बहीण समा भागात राहते. तिच्याकडे वीज गेली, नेटवर्क येऊन जाऊन. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या पातळीपेक्षा मगरींचे फोटो जास्त (आमच्या नदीत मगरी आहेत, बाहेरच्यांना हे खोटं वाटतं). त्या फोटोंनीच बॅटऱ्या संपल्या असतील! मी तिला सांगितलं, डेटा बंद ठेव, साधा एसएमएस कर. तो किंचितशा सिग्नलवरही जातो आणि बॅटरी खात नाही. पाणी ओसरायला लागल्यावर मेहुणे दूध आणायला बाहेर पडले तेव्हा त्यांनी लाइव्ह लोकेशन चालू केलं, तासाभराचं. आठ तासांचंही असतं, पण इतका वेळ चालू ठेवलं तर फोन घरी पोचायच्या आत मान टाकायचा. त्यानंतर दिवाळीला मी तिला २० हजार एमएएचची पॉवर बँक दिली. साडीच हवी होती म्हणाली.

टू-डू ॲप्स माझ्याकडे टिकत नाहीत. ग्राहकांच्या तारखा गूगल कॅलेंडरवर असतात, कारण ते आदल्या दिवशी ओरडतं. बाकी संसार स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. सिलिंडर लावल्याची तारीख सासूबाई पेन्सिलीने लिहितात आणि गुजरातीत लिहितात, कारण त्यांची शाळा गुजराती. महिना पालटायच्या आधी मी त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते. सासूबाईंना हे फार विनोदी वाटतं. ‘स्वतःलाच पत्र? उत्तर कोण देतं गं?’