डिफ-लॉक: थारमध्ये रेस वाढवायची, गुरखात थांबायचं

चाकोऱ्यांनी फाटलेल्या चढावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी उचललं गेलं, की फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सर्वांत सावकाश गिअर-टप्पा) असूनही गाडी जागची हलत नाही. हवेतली दोन चाकं भिंगरीसारखी फिरतात, जमिनीवरची दोन ढिम्म. याला आम्ही क्रॉस-अ‍ॅक्सल म्हणतो. इथून गाडी काढताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: या गाडीत डिफ-लॉक, म्हणजे अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारं लॉक, कोणत्या जातीचं आहे, आपोआप लागणारं की हाताने लावायचं? कारण त्यावर उजव्या पायाने काय करायचं ते ठरतं, आणि दोन जातींत ते अगदी उलट असतं.

डिफरेन्शियल, म्हणजे डिफ, हा अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दात्यांचा संच. साधं, म्हणजे ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (पिळाची ताकद) देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. वेगाचं गणित मात्र वेगळं. दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी नेहमी क्राउन व्हीलच्या (डिफला फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) फेऱ्यांइतकी असते. क्राउन व्हील मिनिटाला ५० फेरे घेत असेल आणि एक चाक थांबलेलं असेल, तर दुसरं १०० घेतं. वळणावर आपल्याला हेच हवं असतं, चढावर हेच नडतं.

महिंद्रा थारच्या ज्या ४x४ गाड्यांत मागे एमएलडी, म्हणजे आपोआप लागणारं यांत्रिक लॉक आहे, तिथे कुठलंही बटण नाही. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांवर गेला, की आतली फिरती वजनं बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते आणि दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात. आता हिशेब करा. पहिल्या लो गिअरला इंजिनपासून चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर ४०:१ धरलं, तर ८०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे रेस न देता, क्राउन व्हील २० फेरे घेतं आणि हवेतलं चाक ४०. लॉक लागणारच नाही. त्यासाठी इंजिन २००० आरपीएमपर्यंत न्यावं लागेल. दुसऱ्या लोमध्ये गुणोत्तर २४:१ असेल तर १२०० ला काम होतं, म्हणून मी एमएलडीच्या गाडीत बहुतेक वेळा दुसरा लो टाकतो. चाक फिरू लागलं की घाबरून पाय काढायचा नाही आणि ब्रेकलाही हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. रेस हळूहळू वाढवत न्यायची. ‘टक्’ असा आवाज येतो, गाडी धक्क्याने पुढे सरकते. त्याच क्षणी रेस धरून ठेवायची, वाढवायची नाही. एकदम पूर्ण दाबलंत तर भन्नाट वेगाने फिरणारं चाक क्षणात जखडतं आणि तो झटका अ‍ॅक्सल शाफ्टवर आणि डिफच्या दात्यांवर येतो. मोडतोड होते ती इथेच. साधारण ताशी ३२ किमीच्या वर हे लॉक लागत नाही, तशी सोय आतच केलेली असते.

फोर्स गुरखात पुढे आणि मागे, दोन्हीकडे हाताने लावायचं लॉक आहे. इथे फिरतं चाक हा शत्रू. अडथळ्याच्या अलीकडे सपाटीवर थांबायचं, आधी मागचं लॉक लावायचं. लिव्हर ओढल्यावर दाते खाचांसमोर आले तरच ते आत बसतात. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लागला नाही तर जोर करू नका, स्टिअरिंग किंचित हलवत पाच-सहा फूट पुढे जा, बसतं. मग पहिला लो आणि आयडलच्या जरा वर. गाडी पावलापावलाने चढते, माती उडत नाही. थार रॉक्सच्या ४x४ मध्ये मागचं लॉक इलेक्ट्रॉनिक, बटणाचं आहे. लावायची शिस्त हीच.

पुढचं लॉक मी अगदी शेवटी लावतो आणि स्टिअरिंग सरळ असतानाच. ते लागलं की गाडी वळायला नकार देते. पूर्ण वळवलेल्या चाकांवर रेस दिली तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) जातो. आडव्या उतारावर, विशेषतः पावसाळ्यात लाल निसरड्या मातीवर, मागचं लॉकही काढलेलं बरं. ओपन डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं शांत राहून गाडीचा मागचा भाग धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू दरीकडे सरकते.

लॉक सुटत नसेल तर अ‍ॅक्सलमध्ये पीळ भरलेला असतो. दोन-तीन मीटर सरळ मागे घ्या, दिवा विझतो. कडक जमिनीवर लॉक लावून वळलात की हाच पीळ वाढत जातो.

घरी तपासणी: पुढच्या चाकांना ओट, म्हणजे अडवायला ठोकळे, लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, इंजिन बंद, टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद), गिअरमध्ये. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर डिफ मोकळं आहे. लिव्हर ओढल्यावर दोन्ही हलेनाशी झाली तर लॉक नीट बसतंय. एमएलडी या परीक्षेत नेहमी मोकळंच दिसणार, हाताने तेवढा वेग येत नाही. ते बिघडलं असं समजून हाउजिंग, म्हणजे डिफचं लोखंडी कवच, उघडायला लावू नका.

ओढ्यातून गेल्यावर डिफचं तेल जरूर बघा. तापलेलं हाउजिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की लगेच बदलायचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडनेच. आधी वरचा भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून बसलेला निघाला तर रिकामं हाउजिंग घेऊन गाडी गॅरेजपर्यंत नेता येत नाही. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असणं ठीक आहे. नखाने उचलता येईल असा पातळ पत्रा निघाला तर डिफ खोलायलाच हवं.