कॉम्प्युटरला घालू का?

सीईटीचा निकाल लागला की सोसायटीत माझा भाव वधारतो. एरवी लिफ्टमध्ये "काय, ऑफिस का?" एवढ्यावर भागतं. पण इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे फॉर्म भरायची वेळ आली की तळमजल्यावरच्या काकूंपासून इस्त्रीवाल्या दादांपर्यंत सगळे एकच विचारतात, "ताई, पोराला कॉम्प्युटरला घालू का? का आता ते एआयच सगळं करणार?" यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवातही एकीनं हातावर वाण ठेवता ठेवता हेच विचारलं. मी दर वेळी "आवड असेल तर घाला" म्हणून सटकते. ते काही खरं उत्तर नव्हे. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते, थोडं लांबेल.

मी २००४ पासून सॉफ्टवेअर लिहायचंच काम करतेय. आधी कोथरूड ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये झोप काढत, आता बाणेरच्या एका छोट्या कंपनीत. आम्ही पतसंस्था, दूध डेअऱ्या अशांची सॉफ्टवेअर बनवतो.

तर पहिली गोष्ट, एआय कोड लिहितं हे खरं आहे. २०२१ च्या जूनमध्ये गिटहब कोपायलट हा कोड सुचवणारा मदतनीस चाचणीसाठी आला, पुढच्या वर्षी सगळ्यांना खुला झाला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आल्यावर तर घराघरात कळलं. ज्या रिपोर्टला पूर्वी माझा अख्खा दिवस जायचा तो आता चहा होईस्तोवर तयार असतो. मी वापरते का? रोज वापरते. लपवायचं कशाला!

"आता प्रोग्रॅमरची गरज नाही" ही आवई मात्र जुनीच. १९५७ मध्ये आयबीएमनं फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढली. त्या काळी असल्या प्रकाराला 'ऑटोमॅटिक प्रोग्रामिंग' म्हणत. मग कोबोल आली, साहेबलोकांनाही वाचता यावी अशी, इंग्रजी वाक्यांच्या धाटणीची. आपल्या पुण्यातच टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ पासून आहे. तिथल्या लोकांनी मास्टरक्राफ्ट नावाचं साधन केलं, त्यात कामाचा आराखडा मांडला की कोड आपोआप तयार होई. एवढं होऊनही आमची जमात वाढतच गेली. पण या इतिहासावर मी तुमची समजूत काढणार नाही. ती जुनी साधनं तुम्ही काटेकोर सांगाल तेच करायची, नाहीतर सरळ चूक दाखवून थांबायची. हे नवं प्रकरण अर्धवट सांगितलेलंही ऐकून घेतं आणि उरलेलं स्वतःच्या मनानं भरतं. तेही इतक्या आत्मविश्वासानं, की भरलंय हे कळतसुद्धा नाही.

आमच्या एका डेअरीचंच घ्या. शेतकऱ्यानं दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून त्यावर-खाली दर ठरतो. बिल महिन्यातून तीनदा : १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. त्यातून पशुखाद्याचे पैसे, उचल वगैरे कापून रक्कम खात्यावर.

गेल्या वर्षी टीममधल्या एका मुलानं हे बिलाचं काम एआयकडून करून घेतलं. नोकरीचं दुसरंच वर्ष, मुलगा चुणचुणीत. त्यानं सांगितलं होतं, "दर १० दिवसांनी बिल निघतं." कोड देखणा आला. नावं माझ्यापेक्षा चांगली दिलेली. सोबत कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या २२ टेस्ट, सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास. मी वाचत गेले आणि एका ओळीवर अडले. पुढच्या बिलाची सुरुवात म्हणजे या बिलाची सुरुवातीची तारीख अधिक १०. म्हणजे मे महिन्याचं तिसरं बिल ३० तारखेला बंद. ३१ मेचं दूध पुढच्या बिलात, ते बिल संपणार ९ जूनला, आणि तिथून पुढं सगळ्या तारखा घसरत जाणार. फेब्रुवारीत तर वेगळाच घोळ. मग टेस्ट कशा काय पास झाल्या? कारण टेस्टही एआयनंच लिहिल्या होत्या आणि त्यात महिना घेतला होता जून. बरोब्बर ३० दिवसांचा. पेपर ज्यानं सोडवला, तपासलाही त्यानंच.

आता मला ती ओळ का टोचली? त्यात माझी हुशारी काही नाही. २००९ मध्ये दुसऱ्या एका डेअरीसाठी मी स्वतः, स्वतःच्या हातानं, २१ ते ३० असं लिहून ठेवलं होतं. ३१ तारखेचं दूध कुठल्याच बिलात आलं नाही. तिथल्या हिशेबनिसांचा फोन आला, आवाज अगदी थंड : "मॅडम, ३१ तारखेला आमच्या म्हशी संपावर होत्या का?" त्या दिवशी कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्या अजून आठवतात. महिनाअखेर मी पुन्हा कधी विसरले नाही.

मला खरी काळजी आहे ती इथं. माझी नोकरी जाईल की नाही, यापेक्षा त्या मुलाला असा फोन कधी येणार? आमच्या पिढीला चुका करायचा पगार मिळाला. सर्व्हिस कंपन्यांचं गणितच तसं होतं. वर मोजके अनुभवी, खाली फ्रेशरची फौज, आणि परदेशी क्लायंटला तासांवर बिल. फ्रेशरनं रिपोर्ट करायचे, टेस्ट लिहायच्या, बारीकसारीक बग काढायचे. दोन-तीन वर्षं हमाली, पण त्या हमालीतच डोळा तयार व्हायचा. नेमकं तेच काम एआयला सर्वांत आधी जमलं. क्लायंट म्हणतो, "एआय वापरता ना, मग तास कमी लावा." त्याचंही चूक नाही. मग त्या पोराच्या शिकण्याचे तास लावायचे कुणाच्या नावावर? जाहिरातीत लिहितात, दोन वर्षांचा अनुभव हवा. तो आणायचा कुठून, तुळशीबागेतून?

माझं काम किती बदललं म्हणाल, तर मी टाइप कमी करते आणि वाचते फार. दुसऱ्याचा कोड वाचणं कंटाळवाणं असतं हो, आणि एआयचा तर जास्तच, कारण तो वरवर निर्दोष दिसतो. उरलेला वेळ फोनवर, "म्हणजे नक्की काय?" असं विचारत. रात्री एकटीनं बसून एखादं कोडं सोडवायची मजा होती, ती कमी झाली. त्याचं वाईट वाटतं.

तर काकू, घाला कॉम्प्युटरला. पण 'चार वर्षं गेली की पॅकेज पक्कं' हा हिशेब डोक्यातून काढा. 'एआय शिका, नोकरी मिळवा' म्हणत हजारो रुपये घेणारे क्लास लावू नका, ती साधनं दर चार महिन्यांनी बदलतात. ज्या विषयांचा मुलं व्हायव्हापुरता रट्टा मारतात ते डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क नीट शिकू द्या. समोरचा कोड चुकलाय हे ओळखायला तेच कामाला येतं. आणि कॉम्प्युटरबाहेरचं काहीतरी त्याला आतून कळू दे. तुमच्या भावाचं चाकणला वर्कशॉप आहे ना? सुट्टीत तिथं बसवा. मालाचं चलन कसं फाडतात, माल परत आला तर काय करतात, हे बघू दे. एआयनं जगात सगळ्यांसाठी खुला असलेला कोड ढीगभर वाचलाय, तुमच्या भावाच्या चलनबुकात काय चालतं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्या बिलाच्या प्रकारानंतर मी टीममधल्या त्या मुलाला कोड दुरुस्त करून दिला नाही. दोन दिवस डेअरीच्या एका संकलन केंद्रावर पाठवला. पहाटेचं दूध बघ म्हटलं. जायचा-यायचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर आमच्या अकाउंट्सवाल्यांशी माझं वाजलं, ते सोडा. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला त्याचा मेसेज : "मॅडम, इथं लाइट गेली की दूध वहीत लिहितात आणि ती वही दुपारी कॉम्प्युटरवर चढवतात. मग सकाळचं दूध संध्याकाळच्या खात्यात दिसत असेल का? दर बदलला असेल त्या दिवशी काय होतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मी त्याला कळवलं, तिथल्या सचिवांनाच विचार, आणि आधीच्या महिन्यांच्या वह्या बघायला माग.