चिमूटभर मीठ

गुरुवार, रात्र

आज दुपारी आमटी खारट झाली होती आणि ते मला कोणीही बोलून दाखवले नाही. ह्यांनी मुकाट्याने भातावर दही घेतले, माईंनी आमटीत आणखी थोडा भात कालवला आणि मी शेवटी जेवायला बसले तेव्हा पहिल्याच घासाला सारे कळले. आमटी एखाद्या दिवशी बिघडते, त्याचे काही नाही. पण इतक्या वर्षांत मीठ कधी चमच्याने मोजावे लागले नव्हते आणि आज चिमटीत किती आले आहे हेच बोटांना समजले नाही, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

सोमवारी उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया आहे. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि त्यांच्याच दाटीत एक नस जाते. बोगद्यावरचा जाड पट्टा कापला की दबलेली नस मोकळी होते, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले, तेव्हा सगळे सोपे वाटले होते. काल संमतीपत्र वाचले. जंतुसंसर्ग होऊ शकतो, व्रण दुखरा राहू शकतो, तळहाताच्या बुडाशी काही महिने कळ येऊ शकते, पट्टा पुरता कापला गेला नाही तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, हे सारे मी वाचले आणि पचवलेही. अडले ते एकाच ओळीवर, की अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसेच्या फाट्याला क्वचित इजा होऊ शकते. अंगठा बोटांसमोर नीट येतो तो त्या स्नायूंमुळे. तो आला नाही तर चिमूट कशी होणार? मीठ, हळद, रांगोळीची रेघ, माईंच्या गोळ्यांचे पाकीट उघडणे, माझे सगळे दिवस त्या दोन बोटांच्या मधून जातात.

तयारी मात्र चालू आहे. लसूण सोलून ठेवला, पुढून बटणे असलेले गाऊन वर काढले, मोबाइलला डाव्या अंगठ्याचा ठसा दिला, साखर तपासून घेतली. हाताला सूज येते म्हणून उजव्या हातातल्या पाटल्या साबण लावून आजच काढल्या. त्यांच्या जागी मनगटावर एक फिकट कडे उरले आहे. पट्टी घट्ट वाटली, बोटे निळसर पडली, ताप आला किंवा जखमेतून पू दिसला तर लगेच फोन करायचा, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले. ह्यांनी ते वाचले आणि चष्मा पुसत बसले. मला वाटले होते, काहीतरी बोलतील.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून दोन्ही तळहात उजेडात शेजारी धरले. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसल उंचवटा आहे. उजव्याचा बसला आहे, तिथे बोटाने दाबले की सरळ हाड लागते. डॉक्टर मागच्या खेपेस तिथेच दाबून म्हणाले होते, की नस फार दिवस दबून राहिल्याने स्नायू सुकू लागला आहे, आता थांबू नका. मी ते ऐकले होते, पण आज पाहिले. म्हणजे ज्या चिमटीसाठी मी सोमवारला भीत आहे, ती सोमवारची वाट न पाहताच हळूहळू जात होती. रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकत बसले त्या सगळ्या महिन्यांत जात होती. हे दिसल्यावर रडू आले नाही, उलट छातीवरचे काहीतरी उतरले.

मग स्वयंपाकघरात जाऊन कागदावर आधी उजव्या हाताने आणि मग डाव्या हाताने एकेक चिमूट मीठ टाकले. उजव्याची जवळजवळ दुप्पट भरली. डाव्या हाताने मीठ घातलेले माईंना रुचणार नाही, पण पुढचे काही आठवडे त्यांना चालवून घ्यावे लागेल, तसे मी उद्या सकाळीच त्यांना सांगणार आहे. दोन्ही ढिगल्या बरणीत परत टाकल्या आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या यादीत सर्वांत वर लिहिले: सुकलेला स्नायू भरून येतो का, आणि किती?