पोफळीखालचा कोको, मोरचूद आणि मित्रबुरशी : माझा अनुभव

चिपळूणहून माहेरची माणसं आली की आमच्या बागेतलं कोकोचं झाड बघून आधी हसतात. फळं फांदीच्या शेंड्याला नाहीत, थेट बुंध्याला आणि जाडजूड फांद्यांना चिकटलेली, काही तर जमिनीपासून हातभर उंचीवर. बाग दक्षिण कन्नडमधल्या बेळ्तंगडी तालुक्यात. इथे चित्पावनांची घरं पिढ्यान्‌पिढ्या पोफळी सांभाळून आहेत, आणि अशाच एका घरात मी लग्न होऊन आले. पोफळीच्या सावलीत मधल्या जागेत कोको. पोफळीचं पीक वर्षाचं. कोकोच्या ओल्या बिया मात्र हंगामात थोड्या थोड्या निघत राहतात, कॅम्पको ही बागायतदारांची सहकारी संस्था त्या विकत घेते (पुत्तूरला १९८६ पासून त्यांचा चॉकलेटचा कारखाना आहे), त्यामुळे घरात हातखर्चाचा पैसा खेळता राहतो.

जुलै आला की हा पैसा झाडावरच कुजायला लागतो. देठाशी किंवा टोकाला तपकिरी डाग दिसतो, अगदी चॉकलेटच्याच रंगाचा. बोट दाबलं तर साल अजून टणक लागते. पण पाऊस लागून राहिला तर थोड्याच दिवसांत सगळं फळ काळंठिक्कर पडतं आणि वर पिठासारखी पांढरी बुरशी धरते. पक्व होत आलेलं फळ वेळेत काढून फोडलं तर आतल्या बिया बऱ्याचदा वाचतात; कोवळं असेल तर सोडूनच द्यायचं. हे काम फायटोप्थोरा पाल्मिव्होरा या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचं. पोफळीच्या कोळेरोगाला, म्हणजे सुपारीच्या फळसडीला, कारण असलेल्या फायटोप्थोराचा हा चुलतभाऊ. तो मातीत आणि कुजक्या फळांत टिकून राहतो, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडतो. मुंग्या बुंध्यावर मातीचे बोगदे बांधतात, त्यातूनही चढतो. आमच्याकडे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याला आणखी काय हवं!

सासरे, म्हणजे अप्पा, बोर्डो मिश्रणावर ठाम. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना. पिंपात चकचकीत विळा बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पोफळीवर पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. ही फवारणी थांबवायचा विचार मी कधीच केला नाही. कोळेरोगापुढे प्रयोग करायला काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही. पण पोफळीच्या घोसांवर मारलेलं बोर्डो निथळतं कुठे? खालच्या कोकोवर आणि आळ्यांत. म्हणजे रोगाला मातीतच अडवायला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालायची, तर ज्या मातीत घालायची तिथेच वरून तांबं ठिबकणार. तांबं बुरशीनाशक आहे. त्याला मित्रबुरशी आणि शत्रुबुरशी असा फरक कळत नाही. माहितीपत्रकांत ‘रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नये’ एवढं एक वाक्य असतं. मिसळू नये हे ठीक, पण वरून गळणाऱ्याचं काय करावं, ते कुणी लिहीत नाही. माझी सगळी धडपड या एका गोष्टीभोवती झाली.

आधी पावडर. ट्रायकोडर्मा म्हणजे मातीतच राहणारी, हिरव्या बीजाणूंची बुरशी. दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालते, त्यांची भिंत विरघळवणारी विकरं सोडते, आणि मुळांभोवतीची जागा नि अन्न आधी बळकावते. शंखजिऱ्यात मिसळलेली पावडर पिशवीतून मिळते. पिशवीवर ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत कण असा आकडा असायला हवा. त्याहून महत्त्वाची उत्पादनाची तारीख. एका दुकानदाराने मला उन्हात ठेवलेल्या खोक्यातली, मुदत संपत आलेली पिशवी काढून दिली होती. ‘पावडरच आहे, तिला काय होतंय?’ अहो, तो जीव आहे! तेव्हापासून मी घरी चाचणी घेते. मऊ भात गार करून, उकळून घेतलेल्या बरणीत घालायचा, वर चिमूटभर पावडर, तोंडाला कापड. चार-पाच दिवसांत पांढरे तंतू आणि मग गर्द हिरवा थर आला तर माल जिवंत. अर्थात हिरवी दिसणारी प्रत्येक बुरशी ट्रायकोडर्मा नसते, पण काहीच उगवलं नाही तर पिशवी मेलेली एवढं नक्की समजतं.

पावडर तशीच आळ्यात टाकणं मला पटत नाही. आधी ती वाढवून घ्यायची. नव्वद किलो शेणखत, दहा किलो निंबोळी पेंड, त्यात एक-दोन किलो पावडर. शेणखत मुरलेलं, भुसभुशीत हवं; ताजं शेण तापतं आणि त्या उष्णतेत बुरशी टिकत नाही. पाणी शिंपडून कालवायचं आणि मूठ आवळून बघायची. लाडू वळला पाहिजे, बोटांतून थेंब गळता कामा नये. ढीग गोठ्यामागच्या सावलीत, वर ओलं गोणपाट. मधे एकदा खालीवर करायचा. पंधरवड्याने गोणपाट उचललं की शेणाचा वास गेलेला असतो, पावसानंतर रानात येतो तसा मातकट वास येतो. ढेकूळ फोडलं तर आत पांढरं जाळं, वरच्या अंगाला हिरवट भुकटी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा ते बघून ‘हे तर खराब झालं’ म्हणून फेकायला घेतलं होतं.

आता वेळ. पहिला हात मे महिन्यात वळवाच्या सरींवर, पोफळीच्या फवारणीच्या किमान पंधरा दिवस आधी. बुंध्याला न चिकटवता आळ्यात पसरायचं, हलकी माती ओढायची आणि वर पोफळीच्या झावळ्यांचं जाड आच्छादन. ठिबकणारं बोर्डो आधी त्या झावळ्यांवर पडतं. सगळं अडतं असं नाही, पण उघड्या मातीपेक्षा बरं. जून ते ऑगस्ट आळ्याला हात लावायचा नाही; चर मात्र साफ ठेवायचे, कारण पाणी तुंबलं की फायटोप्थोराचं फावतं आणि ट्रायकोडर्माचा जीव गुदमरतो. दुसरा हात फवारण्या आटोपल्यावर, सप्टेंबरच्या उतरत्या पावसात. माझ्या मते खरा डोस हाच. माती ओली, वरून तांबं नाही, आणि पुढचे सात-आठ महिने बुरशीला निवांत.

बाकीचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याच्याशिवाय हे सगळं व्यर्थ. पावसाळ्यात आठवड्याला फेरी मारून काळी फळं काढायची आणि बागेबाहेर खड्ड्यात पुरायची. फळं फोडल्यावर सालींचे ढीग झाडाखालीच ठेवायची आमच्याकडची जुनी सवय. तो ढीग म्हणजे रोगाचं कोठार. निरोगी साली आता मी शेणकाला आणि ट्रायकोडर्मा घालून वेगळ्या खड्ड्यात कुजवते. शिवाय कोकोची छाटणी, वारा खेळावा म्हणून.

फरक? बुंध्याच्या खालच्या भागातली, शिंतोडे उडतात त्या उंचीवरची फळं आता पूर्वीपेक्षा बरीच कमी सडतात. वरच्या फांद्यांवर मला मोठा फरक दिसला नाही, आणि दिसायचं कारणही नाही. मातीतली बुरशी डोक्यावरच्या फळापर्यंत पोचणार कशी? तिथे बोर्डो आणि कोयताच. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १९८९ मध्ये कोकोवर झाडूसारखे फुटवे आणणारा रोग शिरला आणि बागाच्या बागा बसल्या. तिथे ट्रायकोडर्माचीच एक जात, स्ट्रोमॅटिकम, त्या वाळल्या झाडूंवर फवारतात. तो रोग आपल्याकडे नाही, पण शत्रू जिथे दडतो तिथेच मित्र सोडायचा, हे मला तिथलं पटलं. मे महिन्यातला ढीग म्हणूनच मी आळ्यांइतकाच सालींच्या जुन्या जागांवरही पसरते.

बुंध्यावरच्या खोडकुजीला मात्र याने गुण आलेला नाही. तांबूस पाणी झिरपणारी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावणं चालूच आहे, आणि अशा झाडांच्या आळ्यात ट्रायकोडर्मा नंतरच घालते. शेजारचे काका यंदा तयार ढिगातलं मागायला आले, तेव्हा गोणपाटाच्या पोत्यात भरून दिलं आणि त्याच दिवशी पसरायला सांगितलं. प्लास्टिकच्या पिशवीत ते बांधून ठेवलं तर आत कोंडून तापतं.