मामाचे घर, मल्याळम कादंबरीतले

मराठी मुलाला मामाचे घर म्हटले की उन्हाळ्याची सुट्टी आठवते. आजोळी अभ्यासाचे कोणी विचारत नाही, आंबे मोजून मिळत नाहीत आणि मामा हा लाड करण्यासाठीच जन्माला आलेला माणूस असतो, असा आपला लहानपणापासूनचा समज असतो. त्यामुळे एम. टी. वासुदेवन नायर यांची ‘नालुकेट्टु’ ही १९५८ सालची कादंबरी मी अनुवादातून पहिल्यांदा वाचली, तेव्हा तिच्यातल्या एका प्रसंगापाशी बराच वेळ अडखळलो होतो. अप्पुण्णी नावाचा एक गरीब मुलगा आईच्या माहेरच्या मोठ्या घरी जातो आणि घरातला थोरला मामा त्याला दरडावून हाकलून देतो. हा मामा म्हणजे गोष्टीतल्या सावत्र आईसारखा ठरीव खलपुरुष असावा, अशी मी समजूत करून घेतली आणि पुढे वाचत राहिलो.

ही समजूत चुकीची होती, हे मला कार्यालयातल्या एका सहकाऱ्यामुळे कळले. तो भारतपुळा नदीकाठच्या ओट्टपालम भागातला. मामा इतका दुष्ट का दाखवला आहे, असे मी विचारल्यावर तो हसून म्हणाला, “तुम्ही त्याला मामा म्हणून वाचता आहात. आमच्याकडे तो आधी कारणवर असतो, मग मामा.”

मल्याळम कादंबरीतली कितीतरी घरे माझ्यासाठी या एका वाक्याने उघडली. नायर आणि इतर काही समाजांत वारसा आईकडून चालत असे. या पद्धतीला मरुमक्कत्तायम म्हणत, म्हणजे भाच्यांकडे जाणारा वारसा. एका मूळ स्त्रीपासून मुलींच्या मुलींमार्फत वाढलेले सगळे कुटुंब ‘तरवाड’ या एकाच घराचे. त्याची जमीन अविभक्त असे, आणि सर्वांची संमती असल्याखेरीज कोणालाही वाटणी मागता येत नसे. कारभार घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाकडे, म्हणजे कोणाच्या तरी भावाकडे किंवा मामाकडे, हाच कारणवर. त्याची स्वतःची मुले मात्र त्याच्या घरची नसत, ती त्यांच्या आईच्या तरवाडची. ज्या मुलांना त्याने जन्म दिला त्यांना कायद्याने काही देता येत नाही, आणि ज्या भाच्यांना पोसायचे ते त्याच्या हिशेबावर डोळा ठेवून बसलेले असतात, अशी त्याची स्थिती. धान्याची पोती रात्रीतून बायकोच्या घरी जातात, हा मल्याळम कथा-कादंबऱ्यांत वारंवार भेटणारा संशय या व्यवस्थेतूनच आलेला आहे.

आता अप्पुण्णीकडे परत जाऊ. त्याच्या आईने, पारुकुट्टीने, घरच्यांचे न ऐकता स्वतः निवडलेल्या माणसाबरोबर संसार थाटला आणि म्हणून तरवाडने तिला बाहेर काढले. परंतु वारसा आईकडून असल्यामुळे मुलगा त्याच घरचा ठरतो. आपण आजोळी पाहुणे म्हणून जातो; अप्पुण्णी तेथे हक्कदार म्हणून गेला होता, जरी त्या वयात त्याला तो हक्क शब्दांत सांगता आला नसता. मामाने नातेवाइकाच्या पोराला दारातून परत पाठवले एवढ्यावर हा प्रसंग संपत नाही. घराच्या कारभाऱ्याने घरातल्याच एका भागीदाराला बेदखल केले, असे ते प्रकरण आहे. वाटणीच्या दाव्याचे कागद एखाद्याने ज्या बारकाईने वाचावेत, त्या बारकाईने मी ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे तिच्यातले दुःख अधिकच वाढले.

या घराचा ताण मल्याळममध्ये एम. टीं.च्या बऱ्याच आधीपासून लिहिला गेला आहे. मुन्सफ असलेल्या ओ. चंदु मेनन यांची ‘इंदुलेखा’ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात एका भांडणाने होते. इंग्रजी शिकलेल्या माधवनचे म्हणणे असे की घरातल्या एका लहान मुलाला शिक्षणासाठी मद्रासला पाठवावे आणि त्याचा खर्च तरवाडच्या उत्पन्नातून व्हावा. कारणवर पंचु मेनन याला तयार नाही. शब्दाने शब्द वाढतो आणि म्हातारा संतापाच्या भरात शपथ घेतो की आपली नात इंदुलेखा या माधवनला द्यायची नाही. पुढे तिच्यासाठी सूरी नंबूतिरी नावाचा श्रीमंत, विलासी आणि अत्यंत हास्यास्पद ब्राह्मण आणला जातो. इंदुलेखा त्याला धुडकावते, आणि हात हलवत परत जाण्याची नामुष्की टाळण्यासाठी तो त्याच घरातल्या दुसऱ्या एका कोवळ्या मुलीला घेऊन जातो. वाचक सूरीला हसतो, पण त्या मुलीला कोणी काहीच विचारत नाही. चंदु मेनन यांनी तिच्यावर फार शब्द खर्च केलेले नाहीत, आणि मला तरी संपूर्ण कादंबरीत तीच सर्वांत जास्त आठवते.

ज्या संबंधाबद्दल हे सगळे चालले आहे, त्याला नावच ‘संबंधम्’ असे होते. पुरुषाने वस्त्र द्यायचे, रात्री स्त्रीच्या घरी यायचे, सकाळी आपल्या घरी जायचे. मने जुळली नाहीत तर दोघांपैकी कोणीही ते मोडू शकत असे. ब्रिटिश न्यायालये याला कायदेशीर विवाह मानायला तयार नव्हती. म्हणून १८९१ मध्ये मलबार विवाह आयोग बसला, आणि त्याच्या सभासदांत स्वतः चंदु मेनन होते. कादंबरीत या पद्धतीची इतकी टर उडवणाऱ्या या गृहस्थांनी आयोगात मात्र वेगळे मत नोंदवले. संबंधम् हा विवाहच आहे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या घरातले दोष आपण दाखवू, पण आपल्या आयांना आणि बहिणींना परक्याने अविवाहित ठरवू नये, असा काहीसा स्वाभिमान मला त्या भूमिकेत दिसतो. पुढे १८९६ च्या कायद्याने संबंधम् नोंदवण्याची सोय झाली, पण ती फारच थोड्यांनी वापरली.

१८९१ हे साल मराठी वाचकाला अनोळखी नाही. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला आणि पुण्यात त्यावरून रान पेटले होते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही याच काळातली. दोन्हीकडे कादंबरीकार एका मुलीच्या आयुष्याकडे बघत होते, परंतु प्रश्न जवळजवळ उलटे होते. आपल्याकडे बालपणी बांधलेली गाठ नवरा मेल्यावरही सुटत नव्हती. मलबारात नायर स्त्रीला दुसरा जोडीदार करण्यास आडकाठी नव्हती, वैधव्याचे केशवपन नव्हते, पण तिची गाठ सरकारदरबारी गाठच धरली जात नव्हती. आपट्यांच्या नायिकेला, यमूला, जे मिळाले असते तर ती वाचली असती, त्यातले पुष्कळसे इंदुलेखेकडे जन्मतःच होते. तरीही तिच्या आजोबांना एका शपथेत तिचे भवितव्य बांधता येत होते. आईकडून वारसा चालतो म्हणजे स्त्रियांचे राज्य असते, अशी एक भाबडी कल्पना आपल्याकडे केरळाबद्दल ऐकू येते. ती बाळगणाऱ्याने पंचु मेननची गाठ घ्यावी.

या घराच्या शेजारी दुसरे एक घर आहे आणि त्याच्याशिवाय पहिले समजत नाही. नंबूतिरी ब्राह्मणांत वारसा बापाकडून मुलाकडे जाई, पण जमीन फुटू नये म्हणून फक्त थोरला मुलगा जातीत लग्न करी. धाकट्यांनी नायर घरांत संबंध जोडायचे. हिशेब सोपा आहे: धाकट्या भावांच्या मुलांना आईच्या तरवाडने पोसायचे, आणि ज्यांना वर मिळू शकत नाही अशा नंबूतिरी मुलींनी एक तर म्हाताऱ्याची तिसरी-चौथी बायको व्हायचे किंवा कुमारिका राहून मरायचे. या स्त्रियांना ‘अंतर्जनम्’ म्हणत, म्हणजे आतली माणसे. बाहेर पडायचे तर अंगभर वस्त्र आणि तोंडापुढे ताडपानांची छत्री. व्ही. टी. भट्टतिरिपाड यांच्या १९२९ मधल्या नाटकाच्या नावाचाच अर्थ ‘स्वयंपाकघरातून रंगमंचाकडे’ असा होतो, आणि ते नंबूतिरींच्याच सुधारक मंडळींनी रंगभूमीवर आणले.

ललितांबिका अंतर्जनम् यांनी ही दोन घरे एका कादंबरीत समोरासमोर ठेवली. १९०९ मध्ये जन्मलेल्या या लेखिकेने आयुष्यभर कथा लिहिल्या आणि ‘अग्निसाक्षी’ ही एकच कादंबरी लिहिली, तीही १९७६ मध्ये. तिच्यात तेती नावाची नंबूतिरी सून आहे आणि तंकम आहे. तंकम ही तेतीच्या नवऱ्याची चुलत बहीण, त्याच्या धाकट्या काकांना नायर स्त्रीपासून झालेली मुलगी. बाप नंबूतिरी, मुलगी नायर. शुचिर्भूत झालेल्या बापाला मुलीने शिवायचे नाही. आपल्याकडे जातींमधल्या शिवाशिवीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती एकाच रक्ताच्या बापलेकींत शिरलेली मी येथे पहिल्यांदा वाचली. लेखिकेने त्यावर आक्रोश केलेला नाही, म्हणून ती अधिक झोंबते.

मोठ्या घरांवर इतके लिहिताना एक गोष्ट नोंदवली पाहिजे. केरळातल्या बहुसंख्य माणसांना तरवाडही नव्हता आणि कारणवरही नव्हता. तकळी शिवशंकर पिळ्ळ यांच्या ‘रंटिटंगळि’ या १९४८ च्या कादंबरीतले कुट्टनाडचे शेतमजूर दुसऱ्याची भाते पिकवतात आणि मजुरीत दोन मापे नेतात. घर हा त्यांच्या वाट्याला आलेला विषयच नाही. आणि वैकम मुहम्मद बशीर या कादंबरीकाराकडे घराण्याचा ताठाच थट्टेत निघतो. त्यांच्या १९५१ च्या कादंबरीत वाटणीचा खटला हरून देशोधडीला लागलेले कुटुंब आजोबांच्या दारी हत्ती होता, हे सांगत राहते, आणि शेवटी शेजारची पोरे सांगतात की तो हत्ती म्हणजे वाळूत खळगा करून बसणारा किडा होता. मल्याळममध्ये त्या किड्याच्या नावातही हत्ती आहे, त्यामुळे ही कोटी कोणत्याही अनुवादात पुरती उतरत नाही.

अप्पुण्णी मोठा होतो, वायनाडच्या चहामळ्यात नोकरी करतो, पैसे घेऊन परततो आणि ज्या घरातून त्याला हाकलले होते तेच घर विकत घेतो. नालुकेट्टु म्हणजे मधल्या चौकाभोवती चार सोपे असलेली वास्तू, आपला चौसोपी वाडाच म्हणा ना. आईला तो तेथे घेऊन येतो. पण आतला अंधार पाहून तो ठरवतो की हे पाडून टाकायचे आणि वारा-उजेड येईल असे लहानसे घर बांधायचे. कादंबरी येथे संपते. कायद्याला त्यानंतरही बराच वेळ लागला: मलबारात वाटणी मागण्याचा हक्क १९३३ च्या सुमारास मिळाला होता, पण केरळातील एकत्र हिंदू कुटुंबपद्धत कायद्याने पुरती संपली ती १९७६ मध्ये, म्हणजे ‘अग्निसाक्षी’ आली त्याच वर्षी.

त्या सहकाऱ्याच्या आई मुंबईला आल्या होत्या तेव्हा मी त्यांना मुद्दाम विचारले, “मावशी, मरुमकन म्हणजे नेमके कोण?” त्या म्हणाल्या, “जावई.” मुलाने त्यांना मल्याळममध्ये काहीतरी आठवण करून दिली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हो, पूर्वी भाच्यालाही म्हणत.”